दोन लग्नं आणि एक तबक

परवा ऑफिसात 'ऑथेंटिक लीडर' या विषयावर दिवसभराचं ट्रेनिंग होतं. पडद्यावर स्लाइड्स सरकत होत्या आणि माझ्या डोक्यात मात्र दोन लग्नं घोळत होती. एक १८७३ चं, दुसरं १८९३ चं.

पहिलं न्यायमूर्ती रानड्यांचं. विधवाविवाहाच्या चळवळीत ते आघाडीवर. पहिली पत्नी वारली तेव्हा वय ३१. आता हा माणूस विधवेशीच लग्न करणार, अशी लोकांची अपेक्षा. पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. टीका झाली, ती त्यांनी सोसली. पुढे रमाबाईंना घरातल्या बायकांचा विरोध असताना शिकवलं. त्याच रमाबाई पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या. तरी ती अकरा वर्षांची मुलगी काही इतिहासातून पुसता येत नाही.

दुसरं लग्न धोंडो केशव कर्व्यांचं. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारा, मितभाषी, मुरूडचा माणूस. १८९१ मध्ये पत्नी गेली. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विद्यार्थिनी. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. मुलाला घरात घेतलं तर आईलाही वाळीत टाकू, असं ठरलं. सगळ्यात जड गेलं असेल ते हेच. स्वतःच्या निर्णयाची किंमत म्हाताऱ्या आईने मोजायची!

गंमत म्हणजे कर्व्यांनीही पुढे तडजोड केली. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा आश्रमाचं काम विधवांच्या शिक्षणाचं, पुनर्विवाहाचं नाही, अशी भूमिका घेतली. नाहीतर लोकांनी मुली पाठवल्याच नसत्या. पण ही तडजोड त्यांनी उघडपणे केली, आणि तीही स्वतः किंमत मोजून झाल्यावर. माझ्या मते फरक इथेच आहे. रानडे खोटे नव्हते. फक्त ऐन वेळी त्यांच्या तत्त्वाची किंमत एका लहान मुलीने मोजली.

असो. रानड्यांना नावं ठेवणारी मी कोण? गेल्या संक्रांतीला आपल्याच घरी हळदीकुंकू होतं. मावशी आतल्या खोलीत बसून राहिली. "या प्रथा बंद व्हायला हव्यात" असं चहा पिता पिता मी दहादा बोललेय. त्या दिवशी तबक माझ्याच हातात होतं. सासूबाईंच्या मैत्रिणी काय म्हणतील म्हणून मी आत गेलेच नाही. माझ्यावर तर कोणी बहिष्कारही घालणार नव्हतं.

काल मावशीला फोन करून विचारलं, या वर्षी पहिलं कुंकू तुला लावलं तर चालेल का? थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बघू. तू ये तर खरी."

इथे लिहून टाकलंय. आता निम्मे नातेवाईक वाचणार, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.