फिरवलेल्या नॉबची नोंद

एप्रिल १९६६. लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, म्हणजे पुढे ॲबी रोड या नावानं गाजलेल्या वास्तूत, बीटल्सच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’चं काम चालू होतं. टेपच्या तुकड्यांची टोकं जोडून केलेली वेटोळी वेगवेगळ्या यंत्रांवर अखंड फिरत होती आणि ती ताणून धरायला तंत्रज्ञ पेन्सिली घेऊन उभे होते. सगळे आवाज मिक्सिंगच्या टेबलावर येत. कुठला आवाज केव्हा आणि किती ऐकू यायचा, हे फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकपट्ट्या, वरखाली करणारे हात त्या क्षणी ठरवत. ते मिश्रण पुन्हा हुबेहूब तसं करता येणार नाही, असं निर्माते जॉर्ज मार्टिन नंतर सांगत असत. टेपवर आवाज उतरला होता. हातांनी काय केलं, याची नोंद कुठेच नव्हती.

सत्तरच्या दशकात टेपवर सोळा आणि मग चोवीस ट्रॅक मावू लागले, तेव्हा ही उणीव जाचू लागली. ध्वनिमुद्रकाला हात दोनच. मग मिक्सिंगच्या वेळी सहायक आणि वादक टेबलाशी ओळीनं बसत, फेडरशेजारी पेन्सिलीनं खुणा केलेल्या असत आणि आपापली वेळ आली की प्रत्येक जण आपला फेडर सरकवी. शेवटच्या कडव्यात एकाचा हात चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत १०सीसी या बँडनं तर या अडचणीचंच वाद्य केलं. ‘आय’म नॉट इन लव्ह’ (१९७५) या गाण्यासाठी त्यांनी एकेका सुराचं कोरस वेगळ्या ट्रॅकवर घेतलं आणि चौघांनी मिळून फेडर वाजवावेत तसे सरकवले.

टेबलाला स्मरणशक्ती देण्याचे पहिले प्रयोग याच काळात झाले. अमेरिकेत ॲलिसन रिसर्च या कंपनीच्या पद्धतीत आवाजाची पातळी विजेच्या दाबानं बदलणारं सर्किट होतं आणि त्या दाबाची माहिती टेपच्याच एका ट्रॅकवर लिहिली जाई. दुरुस्ती करायची तर जुनी माहिती वाचत वाचत नवी दुसऱ्या ट्रॅकवर उतरवायची. अशा प्रत्येक फेरीत थोडा उशीर साचत जाई. शिवाय आवाज कमीजास्त होत असला, तरी फेडर जागेवरून हलत नसे. जुनी पातळी आणि फेडरची जागा जुळली की नाही, हे छोट्या दिव्यांवरून ओळखावं लागे. न जुळवता बोट लावलं, की आवाज उडी मारे.

ही उडी पुढच्या पन्नास वर्षांत अनेक रूपांत भेटते. नोंदलेली किंमत एक, हाताखालच्या नियंत्रणाची जागा दुसरी. हातांच्या हालचाली नोंदून पुन्हा वाजवण्याचा, म्हणजे ऑटोमेशनचा, इतिहास बऱ्याच अंशी या दोहोंचा मेळ घालण्याच्या खटपटीचा आहे.

नीव्ह कंपनीनं १९७७च्या सुमारास नेकॅम ही यंत्रणा आणली. तिच्यात फेडरला मोटार होती, त्यामुळे नोंदलेली हालचाल तो स्वतः सरकून दाखवी. ती वापरणाऱ्या पहिल्या स्टुडिओंमध्ये जॉर्ज मार्टिन यांचाच एअर स्टुडिओ होता. मोटार बसवली ती मात्र फेडरला. टेबलावरच्या शेकडो नॉबना प्रत्येकी मोटार बसवणं परवडण्यासारखं नव्हतं. सॉलिड स्टेट लॉजिक, म्हणजे एसएसएल, या कंपनीनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर ‘टोटल रिकॉल’ काढलं. संगणक नॉबच्या जागा लक्षात ठेवी आणि पडद्यावर दाखवी. फिरवून जुळवण्याचं काम सहायकाच्या गळ्यात. आणि लक्षात राहत ती थांबलेल्या नॉबची जागा. गाणं चालू असताना तो कसा फिरला, हे नाही.

सिंथेसायझरमध्येही तेच घडलं. १९७८च्या प्रॉफेट-५मध्ये मायक्रोप्रोसेसर सगळ्या नॉबच्या जागा साठवत असे. एक कळ दाबली की जुना आवाज हजर, पण पॅनेलवरचे नॉब भलतीकडेच तोंड करून असत.

प्रॉफेटचे जनक डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानं मिडी ही इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडण्याची पद्धत जन्माला आली. जानेवारी १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका केबलनं जोडून वाजवून दाखवली गेली. मिडीत सुरांबरोबर ‘कंट्रोल चेंज’ हा संदेशही होता. एक क्रमांक कोणतं नियंत्रण ते सांगतो: १ मॉड्युलेशनचं चाक, ७ आवाजाची पातळी, १० डावी-उजवी बाजू. दुसरा आकडा त्याची किंमत, ० ते १२७. सेकंदाला ३१,२५० बिटच्या वेगानं असा तीन बाइटचा संदेश जायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. नॉब फिरवणं आता आकड्यांची रांग झालं होतं, आणि आकडे साठवता येतात, खोडता येतात, पुन्हा वाजवता येतात.

गंमत अशी की नेमके याच वेळी नॉब गायब झाले. १९८३च्या यामाहा डीएक्स७वर होती बटणं आणि आकडा बदलायला एक सरकपट्टी. नॉब महाग आणि बटणं स्वस्त, म्हणून इतरांनीही तीच वाट धरली. नोंद करण्याची सोय आली आणि नोंदण्यासारखं हाताशी उरलं ते मुख्यतः मॉड्युलेशनचं चाक.

नॉबचं मोल कळलं ते मिडी नसलेल्या एका पेटीमुळे. रोलँडचं टीबी-३०३ हे छोटं यंत्र एकट्या वादकाला बेसची साथ देण्यासाठी काढलं होतं. ते १९८४पर्यंत बंदही पडलं. त्याला सूर लक्षात राहत. आवाजाचा पोत बदलणारे कटऑफ, रेझोनन्स, डिके हे नॉब मात्र वाजत असतानाच हातानं फिरवावे लागत. १९८२मध्ये मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन रागांवर आधारलेली डिस्कोची एक तबकडी केली, ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. तिच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. १९८७मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटानं ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये याच यंत्राचे नॉब पिळत पिळत सबंध गाणं उभं केलं आणि ॲसिड हाऊस नावाची शैली सुरू झाली. सिंग यांची तबकडी २०१०मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा पाच वर्षं आधीचं ते साम्य ऐकून जगभरचे श्रोते चकित झाले.

आता फिरता नॉब हाच संगीताचा ऐवज ठरला होता आणि तो नोंदवण्याची यंत्रं आली. १९९५चा लाल नॉर्ड लीड नॉबनी भरलेला होता आणि प्रत्येक फिरवणं मिडीतून बाहेर पाठवत होता. १९९७मध्ये प्रोपेलरहेडच्या रीबर्थनं टीबी-३०३ संगणकाच्या पडद्यावर आणलं, नॉबच्या हालचाली लक्षात ठेवणारं. १९९९मध्ये कोर्गच्या इलेक्ट्राइबनं तीच सोय ‘मोशन सिक्वेन्स’ या नावानं छोट्या पेटीत दिली. पुढच्या काही वर्षांत यूएसबीवर चालणारे, पंचवीस पट्ट्या आणि आठ नॉब असलेले छोटे कीबोर्ड घरोघरच्या टेबलांवर आले.

अशा कीबोर्डवरून नोंद करणं वरकरणी सोपं. सॉफ्टवेअरमधल्या नियंत्रणावर क्लिक करायचं, ‘मिडी लर्न’ म्हणायचं, नॉब फिरवायचा. दोघांची गाठ पडते. खरी मेख पुढे. तेच फिरवणं दोन ठिकाणी नोंदलं जाऊ शकतं: सुरांसोबत मिडी क्लिपमध्ये, किंवा ट्रॅकच्या ऑटोमेशनच्या रेषेवर. क्लिप उचलून दुसरीकडे नेली की पहिली नोंद तिच्याबरोबर जाते. दुसरी जाते की जागेवर राहते, हे सॉफ्टवेअर आणि सेटिंगवर अवलंबून. दोन्हीकडे नोंद झाली, तर एकच नियंत्रण दोन धन्यांचं ऐकू लागतं आणि फिल्टर मध्येच हिसके देतो. १२८ पायऱ्याही पुरत नाहीत. रेझोनन्स चढवून कटऑफ सावकाश फिरवला की पायऱ्या कानाला जाणवतात, झिप ओढल्यासारखी करकर येते. म्हणून बरीच सॉफ्टवेअरं दोन आकड्यांमधलं अंतर स्वतःच गुळगुळीत करतात.

नियंत्रणाला हात लावल्यावर काय व्हावं, याचे नियम मिक्सिंगच्या मोठ्या टेबलांवरून जसेच्या तसे आले. ‘रीड’मध्ये जुनी नोंद नुसती वाजते. ‘टच’मध्ये हात असेपर्यंत नवी नोंद होते, सोडला की जुनी परत येते. ‘लॅच’मध्ये हात सोडला तरी शेवटची किंमत चालू राहते. टच हा प्रकार बोटाचा स्पर्श ओळखणाऱ्या फेडरसाठी होता. साध्या नॉबला हात सुटल्याचं कळत नाही, म्हणून सॉफ्टवेअर हालचाल थांबल्यावरून अंदाज बांधतं.

आवाजाच्या त्या जुन्या उडीवरही उपाय निघाले. ‘पिकअप’मध्ये नॉब जुन्या किमतीवरून जाईपर्यंत मुका राहतो. २००१च्या नॉर्ड लीड ३वर सुरुवात-शेवट नसलेले, गोलगोल फिरणारे नॉब आणि भोवती दिव्यांचं कडं आलं. त्यांना स्वतःची जागाच नसल्यानं चुकीच्या जागी असण्याचा प्रश्न मिटला. २०२०मध्ये मंजूर झालेल्या मिडी २.०नं १२८ पायऱ्यांच्या जागी ३२ बिट, म्हणजे चारशे कोटींहून अधिक पायऱ्या दिल्या आणि दोन उपकरणांना एकमेकांची माहिती विचारण्याचीही सोय केली. तरी दुकानातल्या स्वस्त कीबोर्डवर अजून बहुधा १२८ पायऱ्यांचेच नॉब असतात. घरच्या स्टुडिओत काम करणारे बरेच जण पहिली फेरी हातानं नोंदवतात आणि नंतर माऊसनं रेषेवरचे जादा बिंदू खुडून टाकतात.