बैलाच्या मानेपासून डिस्क ब्रेकपर्यंत: सातारा-सांगलीच्या गाड्या थांबल्या कशा?

आजचा भाग ब्रेकच्या इतिहासाचा. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत माल वाहणाऱ्या गाड्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कशा थांबत आल्या, ते आपण बघणार आहोत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात पिकअप, छोटा हत्ती नाहीतर ४०७ उभी असेल. माझ्याही घरी पिकअप आहे, म्हणून विषय जवळचा. आणि हा सगळा इतिहास चाळताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, ती आधीच सांगून टाकतो. ब्रेक सुधारला की आपण ओझं वाढवलं, नाहीतर वेग वाढवला. मिळालेली सुरक्षितता आपण लगेच खर्चून टाकली.

आधी ब्रेक करतो काय ते बघू. तो गतीची उष्णता करतो, बाकी काही नाही. समजा दहा टनांची गाडी घाटातून २०० मीटर खाली उतरतेय. ती नुसत्या ब्रेकवर आवरायची म्हटली, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात साठेक लिटर पाणी उकळेल. एवढी सगळी उष्णता चार-सहा लोखंडी ड्रमांनी सोसायची. आणि वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. पुढचं सगळं या हिशोबावर चालतं.

आता मागे जाऊ. सातारा जिल्हा घाटांनी वेढलेला. पुण्याच्या वाटेवर खंबाटकी, वाईहून पाचगणीला पसरणी, पाटणहून चिपळूणला कुंभार्ली, महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी. सांगलीचा बराचसा भाग सपाट, पण सांगलीचा वेगळा जिल्हा झाला तोच १९४९ साली, सातारा जिल्ह्यातून. तेव्हा त्याला दक्षिण सातारा म्हणत, सांगली हे नाव १९६० चं. नावं बदलली तरी वाट बदलली नाही. सांगलीची हळद, गूळ, द्राक्षं पुण्या-मुंबईला रस्त्यानं जायची तर साताऱ्याचे घाट ओलांडूनच.

बैलगाडीच्या काळात उतारावर काय करायचे? लोखंडी धाव बसवलेल्या चाकावर लाकडाचा ठोकळा दाबायचा. गाडी उभी करायची तर चाकाखाली दगडाची उटी लावायची. पण खरा ब्रेक म्हणजे बैलाची मान. मागून रेटणारं सगळं ओझं जू अंगावर घेऊन बैल पाय रोवत उतरायचे.

गंमत बघा, त्याच सुमारास इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या डोंगराळ भागात घोडागाड्यांची हीच अडचण होती. तिथले गाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचं चामडं ठोकायचे, म्हणजे पकड वाढायची. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं ते पाहिलं आणि १८९७ मध्ये घासून टिकेल असं वेगळं ब्रेकचं साहित्य बनवायला सुरुवात केली. पुढे त्यातून फेरोडो कंपनी उभी राहिली. आज गॅरेजमध्ये आपण ज्याला ‘लायनर’ म्हणतो, त्याची सुरुवात अशी उतारावरच्या गाडीपासून झाली.

आपल्याकडं मात्र पुढचा बदल ब्रेकमध्ये नाही, टायरमध्ये झाला. सांगलीत वसंतदादा पाटलांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आजूबाजूला आणखी कारखाने झाले. ऊस वाहायला रबरी टायरची गाडी आली. आपल्याकडं तिला ‘डनलॉप गाडी’च म्हणतात. चाक हलकं फिरायला लागलं, बैलांना ओढणं सोपं झालं, मग गाडीत ऊसही जास्त भरला जाऊ लागला. पण थांबवायचं कुणी? परत बैलाच्या मानेनंच. आज ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या उसानं शीग लावून जाताना दिसतात ना? त्यातल्या कितीतरी ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. बैलाच्या मानेच्या जागी ट्रॅक्टर आला, एवढाच फरक.

आपल्या भागाला लोखंडाचं काम नवीन नव्हतं बरं का. औंध संस्थानाच्या राजांनी जागा दिली आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२२ मध्ये साताऱ्यात कूपर यांचा कारखाना सुरू झाला. लोखंडी नांगर इथं ओतले जात होते. ट्रक मात्र बाहेरून आला. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६२ मध्ये मद्रासला दोन कंपन्या निघाल्या: ब्रेक्स इंडिया आणि सुंदरम-क्लेटन. दुसरी खास हवेच्या ब्रेकसाठी. म्हणजे ब्रेकचे सुटे भाग देशातच मिळायला लागले.

इथं तेलाचा ब्रेक आणि हवेचा ब्रेक यातला फरक समजून घेऊ. तेलाच्या ब्रेकमध्ये तुमच्या पायाचा जोर तेलातून चाकापर्यंत जातो. अमेरिकेत माल्कम लॉकहीडनं १९१७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हवेचा ब्रेक त्याहून जुना, जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ मध्ये तो रेल्वेसाठी आणला. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो आणि ती हवा ब्रेक दाबते. माणसाच्या पायात मोठा ट्रक थांबवण्याएवढी ताकद नसते, म्हणून जड गाड्यांना हवा. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली, २००५ मध्ये छोटा हत्ती, आणि ट्रक ही घरातल्या माणसानं चालवायची घरची गाडी झाली. या गाड्यांना ब्रेक तेलाचे.

२००० नंतर पुणे-कोल्हापूर रस्ता चौपदरी झाला. साताऱ्याहून पुण्याकडं जाणारी वाहनं खंबाटकीच्या बोगद्यातून जाऊ लागली. चढ वाचला, पण बोगदा संपला की खंडाळ्याच्या बाजूला उतार आणि त्यावर एस आकाराचं वळण. एप्रिल २०१८ मध्ये याच भागात मजुरांना घेऊन जाणारा टेम्पो उलटला आणि डझनाहून जास्त माणसं गेली. पुढं कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत परत लांबलचक उतार. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथं एका जड मालवाहू गाडीनं चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. सगळे म्हणाले, ब्रेक फेल. सुरुवातीच्या तपासात पुढं आलं ते वेगळंच: डिझेल वाचवायला चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं.

इंजिन बंद केलं की काय होतं? गिअरमुळं इंजिन गाडीला जी ओढ देतं, ती गेली. हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबला, टाकीत उरलेल्या हवेवर काम चालवायचं. तेलाच्या ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-चार वेळा पेडल दाबलं की निकामी. स्टिअरिंग जड. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. हा नियम कुठल्याही नव्या ब्रेकनं रद्द केलेला नाही.

आता आजचं बघू. गेल्या महिन्यात आमच्या घरच्या पिकअपचे मागचे ब्रेक काढायचे होते. चुलतभाऊ म्हणाला, “मागंपण डिस्क टाकू, झंझटच नको.” मिस्त्रींनी त्याला विचारलं, “भाऊ, पाटे किती वाढवलेत?” मला आधी या प्रश्नाचा संबंधच कळेना. मग त्यांनी दाखवलं. काही पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. ओझ्यानं गाडी जेवढी बसेल, तेवढा तो मागच्या ब्रेकला जोर सोडतो. जास्त माल भरायला आपण स्प्रिंगचे पाटे वाढवतो. मग गाडी बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक तो कमी करतो. डनलॉप गाडीचीच गोष्ट, फक्त नव्या भाषेत.

आणि मागं डिस्क? पुढच्या-मागच्या ब्रेकचं गणित कंपनीनं बसवलेलं असतं. ते बिघडून मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी फिरते. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल मनानं करता येत नाहीत. अपघातानंतर विम्याच्या वेळी हाच मुद्दा निघू शकतो. आम्ही शेवटी जादा पाटे काढले, कंपनीनं सांगितलेलेच लायनर टाकले आणि व्हॉल्व्ह तपासून घेतला. खेप थोडी हलकी झाली. घरात त्यावर अजून कुरकुर चालू आहे.

तुमच्या गाडीचे ब्रेक बदलणार असाल तर चार गोष्टी विचारा. लायनर एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकदम बदलताय का? लायनरवर तेल उतरलं असेल तर आधी सील बदललं का? ड्रम किती वेळा लेथवर घासून घेतलाय? पातळ ड्रम लवकर तापतो, आणि मर्यादेपलीकडं घासलेला ड्रम बदलावाच लागतो. ब्रेक ऑइल कधी बदललं? ते हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेलं मात्र १४० च्या आसपास उकळू शकतं. मग पेडल मऊ पडतं आणि पाय नुसता खाली जातो. कोयना-महाबळेश्वरकडच्या पावसात गाडी चालवणाऱ्यांनी हे विसरू नये. आणखी एक, ड्रम उघडल्यावर हवा मारून धूळ उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जाऊन बसतं.

तर मंडळी, शंभर वर्षांत ठोकळा गेला, लायनर आलं, तेल आलं, हवा आली, डिस्क आली. गाडीत किती भरायचं आणि उतारावर कुठल्या गिअरमध्ये राहायचं, हे ठरवणं मात्र अजून आपल्याच हातात आहे. तुमच्या घरी गाडीच्या ब्रेकचा निर्णय कोण घेतं आणि कसा, ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर उतारावर गिअर सोडू नका!