चांदी खडबडीत केली, पण हिशेब जुळेना

शाळेत विज्ञान दिन साजरा केलेल्या प्रत्येकाला सी. व्ही. रामन ठाऊक असतात. १९२८ साली कोलकात्यात त्यांना आणि के. एस. कृष्णन यांना दिसलं, की पदार्थाने विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो. हा बदल म्हणजे रेणूच्या अंगठ्याचा ठसाच. अडचण एकच: विखुरलेल्या साधारण १ कोटी फोटॉनमागे असा एखादाच.

१९६० मध्ये लेझर आला. एकाच रंगाचा, प्रखर प्रकाश मिळाला. तरी धातूवर चिकटलेला रेणूंचा एकच थर दिसणं फार अवघड होतं.

१९७४ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेन्ड्रा आणि मॅक्विलन यांनी एक युक्ती केली. चांदीचा इलेक्ट्रोड विजेच्या साह्याने मुद्दाम खडबडीत केला. क्षेत्रफळ वाढलं की पिरिडिनचे जास्त रेणू चिकटतील, एवढाच विचार. लेझर टाकला आणि स्पष्ट सिग्नल मिळाला. शोधनिबंधही छापून आला.

मी पोटासाठी कोड लिहितो. आमच्याकडे टेस्ट पास झाली की 'का' असं सहसा कोणी विचारत नाही. म्हणून मला पुढची तीन वर्षं जास्त आवडतात. १९७७ मध्ये अमेरिकेत जीनमेअर आणि व्हॅन डाइन, तर इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठात अल्ब्रेख्ट आणि क्रेटन, यांनी स्वतंत्रपणे आकडेमोड केली. सिग्नल लाखो पटींनी वाढला होता. नुसतं क्षेत्रफळ वाढून एवढी वाढ होणं शक्यच नव्हतं.

मग खरं कारण काय? चांदीच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांतले इलेक्ट्रॉन लेझरच्या तालावर एकत्र डोलतात. त्यामुळे तिथलं विद्युतक्षेत्र कित्येक पटींनी वाढतं. रेणूवर पडणारा प्रकाश वाढतो आणि त्याने परत पाठवलेलाही. म्हणून सिग्नल साधारण क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढतो. क्षेत्र ३० पट झालं, तर सिग्नल ८ लाख १० हजार पट!

१९९७ पर्यंत याच तंत्राने एकेकटा रेणू ओळखता आला. आज फळांवरच्या कीटकनाशकांचे अंश शोधायलाही ते वापरतात.

मग शोध कोणाचा? सिग्नल आधी मिळाला तो साउदॅम्प्टनला. पण तो कारणापेक्षा फार मोठा आहे, हे ज्यांनी मोजून दाखवलं, त्यांच्यामुळे तो नुसता चांगला निकाल न राहता नवं क्षेत्र झाला. माझं मत त्यांना.