गादी, माती आणि इनाम : मराठी कुस्तीतील न्यायविचाराचा एक धागा

एकाच नावाखाली नांदणाऱ्या दोन क्रीडाप्रकारांत बक्षिसाची रक्कम कशी वाटावी, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. प्रत्यक्षात तो मूल्यांचा प्रश्न असतो. डोंगरउतारावरील स्केटबोर्डच्या शर्यतीत फळीवर उभ्याने उतरणारे आणि ल्यूजवर पाठ टेकून उतरणारे असे दोन्ही स्पर्धक तोच उतार, तोच धोका पत्करतात. मग निधी वाटताना निकष कोणता लावावा? स्पर्धकांची संख्या, प्रेक्षकांची पसंती, की केवळ समानता? त्या तरुण खेळात हा वाद नवा आहे. मराठी समाजाला मात्र तो परिचित आहे. येथे तो कुस्तीच्या आखाड्यात, गादी आणि माती या दोन शब्दांच्या आधाराने मांडला गेला. प्रस्तुत निबंधात या वादाचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

प्रारंभ बाराव्या शतकापासून करणे सोयीचे ठरेल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. हे कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांच्या अभ्यासकांना हा ग्रंथ आपल्या परिसराचा वाटतो, तो यामुळेच. त्यात ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल अशा मल्लांच्या प्रती सांगितल्या आहेत आणि त्यांमागे वय व बळ यांचा विचार आहे. विषम जोड लावणे हा अन्याय होय, ही जाणीव इतकी जुनी आहे. परंतु प्रतवारीला नियम असला, तरी दानाला नियम नाही. मल्लविनोद हा राजाचा विनोद आहे, आणि जिंकणाऱ्याला काय मिळावे हे राजाच्या प्रसन्नतेवर अवलंबून आहे.

मराठीतील बक्षीसवाचक शब्दांत ही प्रसन्नता दीर्घकाळ टिकून राहिली आहे. ‘इनाम’ हा अरबीतून आलेला शब्द मराठी राज्यकारभारात करमुक्त जमिनीच्या दानासाठी रूढ होता. आखाड्यात तोच रोख रकमेसाठी वापरला जाऊ लागला. ‘बिदागी’ म्हणजे निरोप देताना हाती ठेवावयाचे द्रव्य. ‘पारितोषिक’ या शब्दात परितोष आहे. पण तो देणाऱ्याचा परितोष, घेणाऱ्याचा नव्हे. या तिन्ही शब्दांचा कर्ता दाता आहे. घेणाऱ्याचा हक्क सांगणारा शब्द या परंपरेत सहजासहजी सापडत नाही, ही बाब लक्षणीय आहे. बक्षिसाविषयीची तक्रार मराठीत कृतघ्नतेसारखी का ऐकू येते, याचे एक कारण येथे असावे.

जत्रेच्या कुस्तीने या दानव्यवस्थेला लोकांची वर्गणी जोडली. गावोगावच्या यात्रांतील मैदानात लहान मुलांच्या कुस्त्या प्रथम होतात आणि त्यांना खाऊ किंवा किरकोळ नाणी मिळतात. ‘रेवड्यांवरची कुस्ती’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. पुढे जोड जसजशी मोठी, तसतसे इनाम वाढते आणि मानाची कुस्ती शेवटी लागते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, तेव्हा राजाश्रय आणि लोकाश्रय यांचा संगम झाला. या मैदानी कुस्तीचा न्याय साधा होता. पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली. वजनकाटा नव्हता, जोड जुळवणाऱ्या जाणत्यांची नजर हाच काटा. गुणांची गणना नव्हती. चितपट हाच पुरावा, आणि तो हजारोंच्या डोळ्यांसमोर घडत असे.

या व्यवस्थेला गादीची गाठ पडली ती ऑलिंपिकमुळे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत घडलेल्या या मल्लाला तेथे गादीवर, वजनगटात आणि गुणांच्या हिशेबाने लढावे लागले. १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलोच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ सालापर्यंत थांबावे लागले. हेलसिंकीच्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हा प्रसंग खाशाबांच्या चरित्रपर लेखनात वारंवार येतो. त्याचा उत्तरार्ध प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि मिळालेली रक्कम घर सोडवण्यासाठी प्राचार्यांच्या हाती दिली. गादीवरच्या पदकाला रोख मोल नव्हते. त्याचे कर्ज फेडले ते मैदानाच्या इनामाने. मातीला मागासलेली आणि गादीला आधुनिक ठरवणाऱ्या सोप्या मांडणीला हा प्रसंग छेद देतो.

१९६१ साली औरंगाबाद येथे सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेने कालांतराने हा दुभंग आपल्या रचनेतच सामावून घेतला. गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता यांच्यात किताबाची लढत होते आणि विजयी मल्लाला मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ चांदीची गदा दिली जाते. दोन परंपरांना समान उंबरठा देणारी ही तडजोड क्रीडासंघटनेच्या इतिहासात विरळा म्हणावी लागेल. मात्र अलीकडच्या अंतिम लढती गादीवर झाल्या आहेत. म्हणजे अखेरच्या क्षणी मातीच्या मल्लाने परक्या भूमीवर यावयाचे असते. ते अशक्य नाही. डिसेंबर २०१८ मध्ये जालना येथे माती विभागातून आलेल्या बाला रफिक शेखने गादी विभागाच्या अभिजित कटकेला हरवले. तरीही सूक्ष्म फरक उरतोच. शिवाय माती विभागातील कुस्तीचाही निकाल आता गुणांवर लागतो. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागातील महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीत एका डावाला दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर वाद झाला. माती तीच राहिली, तिचा कायदा मात्र गादीचा झाला. चितपटीची जागा पंचाच्या पाटीने घेतली आणि प्रेक्षकाचा साक्षीदार म्हणून असलेला अधिकार संपला. वादाची तीव्रता एका डावापुरती नव्हती, ती या गमावलेल्या अधिकाराचीही होती.

बक्षिसाच्या बाबतीत पुण्याची तीच स्पर्धा दुसऱ्या कारणानेही अभ्यसनीय ठरते. केसरीला गदेबरोबर मोटार आणि रोख पाच लाख रुपये, उपविजेत्याला ट्रॅक्टर, आणि गादी व माती या दोन्ही विभागांतील वजनगटांच्या विजेत्यांना मोटारसायकली, अशी ती मांडणी होती. आदल्याच वर्षी, २०२२ साली, साताऱ्याच्या स्पर्धेनंतर आपल्याला केवळ गदा मिळाली, रोख रक्कम नाही, अशी तक्रार खुद्द विजेत्याने केली होती. या पार्श्वभूमीवर पुण्यातील औदार्य उठून दिसते. दोन विभागांत भेद नाही, हेही न्याय्यच. परंतु विषमता आता वेगळ्या रेषेवर सरकली आहे. केसरी गट ८६ ते १२५ किलोंचा आहे. ५७ किलोचा मल्ल कितीही निष्णात असला, तरी तो गदेचा दावेदार होऊ शकत नाही. खाशाबा जाधव ज्या वजनाने ऑलिंपिकचे पदक घेऊन आले, त्या वजनाला या व्यवस्थेत मोटारसायकल मिळते, मोटार नव्हे. जत्रेतील ‘मोठी जोड, मोठे इनाम’ हा जुना दंडक वजनकाट्याच्या युगातही टिकून आहे.

या रेषेपलीकडे स्त्रियांची कुस्ती उभी आहे. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगली येथे झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. पुरुषांच्या किताबानंतर बासष्ट वर्षांनी स्त्रियांना गदा मिळाली. येथे गादी आणि माती हा वाद गौण ठरतो. आधी आखाड्यात पाऊल टाकण्याचाच प्रश्न होता.

‘मानसोल्लासा’ने मल्लांची प्रतवारी केली आणि दान राजाच्या मर्जीवर सोडले. आपण प्रतवारी अधिक काटेकोर केली. किलो, मिनिटे आणि गुण मोजू लागलो. दान मात्र अजूनही बव्हंशी मर्जीवरच आहे. राजाच्या जागी यजमान आणि प्रायोजक आले, इतकेच. एखाद्या वर्षी मोटार, एखाद्या वर्षी नुसती गदा, हे त्याचेच लक्षण. प्रकारांमधील न्याय हा रकमेच्या समानतेने सुरू होतो, पण तेथे संपत नाही. बक्षीस हे दात्याचा परितोष न राहता खेळणाऱ्याचा आधी जाहीर झालेला हक्क व्हावे लागते. मल्ल गादीवर लढो वा मातीत, हलका असो वा भारी, पुरुष असो वा स्त्री. लढण्यापूर्वी त्याला आपल्या श्रमाचे मोल ठाऊक असले पाहिजे. त्या हक्कासाठी मराठीला अजून स्वतःचा शब्द घडवायचा आहे.