वाघांचा माळवा
इंग्रजांशी झालेल्या १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी माळव्यात इंदूरला स्थिरावली, तेव्हा दक्षिणेतून तिकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना सातपुडा, नर्मदा आणि विंध्याचे घाट ओलांडावे लागत. पेंढाऱ्यांच्या, म्हणजे लुटीवर जगणाऱ्या घोडेस्वारांच्या, धामधुमीत गावे ओस पडून शेतांत रान माजले होते. परतणाऱ्या रयतेला वाघांशी जमिनीसाठी झगडावे लागले, अशा आशयाची नोंद ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने केली आहे. अशा मुलखात एकट्यादुकट्याने न जाता तांड्याने, म्हणजे मोठ्या जमावाने, जाणेच शहाणपणाचे होते. चितू पेंढाऱ्याला तर हा प्रदेश पायाखालचा होता, तरीही इंग्रजांच्या पाठलागात एकटा पडलेला हा पेंढारी सरदार १८१९ मध्ये असीरगडाजवळच्या जंगलात वाघाच्या तोंडी गेला. खोगीर चढवलेला त्याचा घोडा रानाच्या कडेला चरताना आढळला, तेव्हा शोध घेता त्याच्या देहाचे अवशेष सापडले.