वाडेकर, अजित लक्ष्मण
(१ एप्रिल १९४१ – १५ ऑगस्ट २०१८). भारतीय क्रिकेटपटू, कर्णधार व संघव्यवस्थापक. जन्म आणि मृत्यू मुंबईत. शैलीदार डावखुरे फलंदाज व चपळ स्लिप क्षेत्ररक्षक. १९६६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण. ३७ कसोटींत २,११३ धावा. एकमेव शतक (१४३) वेलिंग्टन येथे, १९६८ मध्ये. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९७१ मध्ये वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत प्रथमच कसोटी मालिका जिंकल्या. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यातील ०–३ पराभवानंतर ते आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाले. नव्वदच्या दशकात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. प्रशिक्षणाची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. कर्णधार मोहम्मद अझरुद्दीन यांच्यासह त्यांनी फिरकीच्या बळावर मायदेशात इंग्लंडला ३–० नमवले (१९९३). पुढे ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. अर्जुन पुरस्कार व पद्मश्री हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान.