एकदा दिलं की दिलं: कार्गोची गोष्ट

आज टर्मिनलवर 'कार्गो बिल्ड' लिहिलं की रस्टचा प्रोजेक्ट तयार. पण हे सुख उशिरा आलं. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये रस्ट सुरू केली, २००९ पासून मोझिलाने पाठबळ दिलं. तरी दुसऱ्याचा कोड आपल्या प्रोजेक्टमध्ये आणायचा कसा, हे कोडं सुटेना. 'रस्टपीकेजी' नावाचं टूल आलं आणि गेलंही.

मग २०१४ मध्ये येहुदा कॅट्झ आणि कार्ल लर्शे यांनी कार्गो बांधलं. रुबीसाठी 'बंडलर' याच जोडीने केलं होतं, त्यामुळे दुखणं ठाऊक होतं: "माझ्याकडे चालतं, तुझ्याकडे का नाही?" उपाय दोन फाइलींचा. 'कार्गो.टॉमल'मध्ये तुम्ही सांगता काय हवंय, 'कार्गो.लॉक'मध्ये नेमकी कुठली आवृत्ती घेतली, त्याची नोंद राहते.

त्याच नोव्हेंबरात 'क्रेट्स.आयओ' सुरू झालं. तिथे सदोष आवृत्ती 'यँक' करता येते, म्हणजे नवे प्रोजेक्ट ती घेत नाहीत. पण कोड पुसला जात नाही. जुन्या लॉक फाइली चालत राहतात.

याचं मोल मार्च २०१६ मध्ये कळलं, तेही जावास्क्रिप्टच्या जगात. नावाच्या वादातून एका डेव्हलपरने एनपीएमवरून 'लेफ्ट-पॅड' काढून टाकलं. जेमतेम ११ ओळी, पण जगभरचे बिल्ड अडले.

फुकट दिलेल्या कोडवर हक्क कुणाचा, देणाऱ्याचा की त्यावर उभ्या असलेल्यांचा? कार्गोने आपली बाजू आधीच निवडली होती. तुम्ही कुठल्या बाजूला? कळवा नक्की.